न मागणारे आप्पा आणि मागणारी आत्या: साताऱ्याहून कुपवाडपर्यंत

एस्तेरआत्याचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून तो आप्पांनी घेतला. आत्या बोलायला लागली की स्पीकर लावावा लागत नाही. ओट्यापाशी उभी राहून मी सगळं ऐकत होते.

"दादा, येत्या रविवारी आमच्या मंडळीत हंगामाचा सण हाय. मी साक्ष देणार हाय. तू यायचंस. शीलाला म्हणावं गाडी काढ."

"बघतो," आप्पा म्हणाले.

"बघतो न्हाई. येतो म्हण."

आप्पांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "टायरमधली हवा बघून घे." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

एरवी या ब्लॉगवर मी किल्ले, घाट आणि कुठे काय चांगलं खायला मिळतं यावर लिहिते. या वेळचं थोडं वेगळं आहे. वाट तुम्हालाही जाता येईल अशीच आहे: पुणे, सातारा, रहिमतपूर, विटा, तासगाव, कुपवाड. जानेवारीच्या थंडीत तर नक्की जा. पण गाडीत माझ्या शेजारी आप्पा होते आणि पुढच्या मुक्कामी आत्या होती, त्यामुळे रस्त्याइतकंच त्या दोघांबद्दल लिहावं लागणार.

आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून पुण्यात माझ्याकडे असतात. एस्तेरआत्या त्यांची धाकटी बहीण. तिचं सगळं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, आता कुपवाडला स्वतःच्या छोट्या घरात राहते. पावसाळ्यात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. त्यातून ती उठली, आणि आता मंडळीसमोर उभं राहून देवाचे उपकार सांगणार होती. ख्रिस्ती मंडळीत त्याला साक्ष देणं म्हणतात. हंगामाचा सण म्हणजे शेतातलं पहिलं पीक देवळात आणून ठेवायचं आणि उपासना झाली की तिथेच त्याचा लिलाव करायचा. लहानपणी मला नाताळापेक्षा हा सण जास्त आवडायचा, कारण यात कोंबड्या असायच्या.

बहीणभावात एक जुना वाद आहे. आत्या देवाकडे सगळं मागते. बसमध्ये जागा मागते, भाडेकरूच्या मुलीला मार्क मागते, मिक्सर बिघडला तर त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करते. आप्पा काहीच मागत नाहीत. सकाळी खोलीत जातात, दार लावून घेतात, देवाचे उपकार मानतात आणि बाहेर येऊन चहा घेतात. चारचौघांत त्यांना प्रार्थना करताना मी कधीच ऐकलेलं नाही. गंमत अशी की दोघांच्याही हातात तेच पवित्र शास्त्र आहे. आत्या म्हणते, मागा म्हणजे मिळेल असं प्रभूनं स्वतः सांगितलंय आणि दिवा लावून मापाखाली झाकू नका असंही. आप्पा म्हणतात, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर असंही त्यानंच सांगितलंय, आणि तुम्ही मागायच्या आधी तुमच्या गरजा पित्याला ठाऊक असतात असंही. मी वर्षानुवर्षं मध्ये बसून ऐकत आलेय आणि मला दोघांचंही पटतं, ही माझी अडचण.

शुक्रवारी सकाळी लवकर निघालो. खंबाटकीचा घाट उजाडायच्या सुमारास ओलांडला तर साताऱ्यात न्याहारीला पोचता येतं, हे लक्षात ठेवा. आम्ही मिसळ खाल्ली, आत्यासाठी कंदी पेढे घेतले आणि कोरेगावच्या रस्त्याला लागलो. रस्ता चांगला आहे, पण ऊसतोडीचे दिवस असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात आणि मागे दिवा बहुतेकांना नसतो. अंधारात हा पट्टा टाळा. दिवसा मात्र मजा आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडून मोकळं झालेलं रान, आणि काच खाली केली की पाचट जाळल्याचा वास.

रहिमतपूरला आम्ही दावीदकाकांकडे जेवायला थांबलो. हे निवृत्त पाळक. म्हणजे एकेका मंडळीत राहून उपासना चालवणारे, लग्नं लावणारे, माणसं पुरणारे. आप्पांचे बालमित्र. गावाच्या कडेला दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड. काकूंनी घेवड्याची आमटी आणि भाकरी केली होती. कोरेगाव भागातला घेवडा शिजला की लोण्यासारखा होतो. वाटेत बाजार लागला तर किलोभर घेऊन ठेवा, पुण्यात तो भाव आणि ती चव दोन्ही मिळत नाहीत.

जेवताना मी काकांना म्हटलं, "काका, यांचा वाद एकदाचा मिटवा. देवाकडे मागावं की गप्प बसावं?"

काका हसले. "अगं, माझा जन्म गेला प्रवचनं करण्यात. लूकच्या शुभवर्तमानात एका विधवेची गोष्ट आहे. न्यायाधीश दाद देत नाही, तरी ती रोज त्याच्या दारात जाऊन त्याला भंडावून सोडते. प्रभू म्हणतो, अशी चिकाटी धरून प्रार्थना करा. झालं. त्याच अध्यायात, लगेच पुढं, मंदिरातल्या दोन माणसांची गोष्ट. जकातदार लांब उभा राहतो, मान वर करत नाही, छाती बडवून एवढंच म्हणतो की मज पाप्यावर दया कर. प्रभू म्हणतो, असं नम्र व्हा. एका रविवारी मी विधवेवर बोलायचो, पुढच्या रविवारी जकातदारावर. दोन्ही रविवारी लोक माना डोलवायचे. दोन्ही गोष्टी एकाच रविवारी घ्यायचं धाडस मला कधी झालं नाही."

आप्पा म्हणाले, "मी जकातदाराच्या बाजूचा."

"ते बरोबर आहे रे," काका म्हणाले, "पण म्हातारपणी माझ्या एक ध्यानात आलंय. जकातदारसुद्धा मागतोच की. दया मागतो. त्या अध्यायात काही न मागणारा एकच माणूस आहे. तो दुसरा, परुशी, धर्म काटेकोर पाळणारा. पुढं उभा राहून देवा तुझे उपकार, देवा तुझे उपकार म्हणतो आणि घरी जातो. त्याला काही लागतच नाही."

काका हे सहज बोलले. आप्पांची सकाळची प्रार्थना कशी असते हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. मी पानातली भाकरी मोडत राहिले. आप्पांनी आमटीची वाटी उचलली, संपवली आणि काकूंना म्हणाले, "वैनी, झकास झाली होती."

रहिमतपूरहून पुसेसावळी, कडेगाव करत विट्याकडे जाताना मुलूख हळूहळू बदलतो. ऊस विरळ होतो, माळ सुरू होतात, शाळूची रानं लागतात, मेंढ्यांचे कळप रस्ता अडवतात. कळप आला की हॉर्न वाजवू नका, गाडी बंद करून बघत बसा. आम्ही तसेच बसलो होतो तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले.

"दावीदला कुणी काही सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"काही न्हाई."

मेंढ्या संपल्या, मी गाडी सुरू केली.

विट्यात मुक्काम आप्पांच्या फौजेतल्या मित्राकडे, तानाजीकाकांकडे होता. (एस.टी. स्टँडजवळ लॉजही आहेत, स्वच्छ आणि परवडणारे.) या गावातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तानाजीकाकांची दोन्ही मुलं केरळात आहेत. घर भलं मोठं, चार मजली, आणि राहायला नवराबायको दोघंच. काकू वरच्या मजल्यावर जातही नाहीत. "झाडायला बाई येती, तेवढंच त्या खोल्यांना माणूस दिसतं," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला मटण होतं, बाजरीची भाकरी आणि पातळ लालभडक रस्सा. काकू दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, तिखट लागतंय का, आणि उत्तर न ऐकता आणखी वाढत होत्या. जेवण झाल्यावर तानाजीकाका आप्पांकडे वळले.

"सुभेदार, एक सांगू का? तुमी रोज सकाळी देवाचं करता. आमच्या पोरांसाठी बी जरा सांगत जावा. लय लांब हायती. आमच्या देवाला आमी सांगतोच, पण तुमच्या देवाच्या बी कानावर घाला."

आप्पा म्हणाले, "तानाजी, मी मागत न्हाई रं काही. नुसते उपकार मानतो."

तानाजीकाका त्यांच्याकडे बघतच राहिले. "मागत न्हाई? आवं, मग एवढा वेळ आत करता काय?"

काकू फस्सकन हसल्या. मीही हसले. आप्पाही हसले, पण उशिरा.

"उपकार परक्याचं मानायचं," तानाजीकाका म्हणाले. "घरच्याला म्हणायचं, चा टाक. ही बघा, ही माझी बायकू. हिला मी कवा थँक्यू म्हणलोय?"

"म्हणाला असता तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आप्पांनी तानाजीकाकांच्या मुलांची नावं विचारून घेतली. धाकट्याचं नाव ते विसरले होते.

विटा ते तासगाव रस्ता सुंदर आहे. तासगाव जवळ आलं की द्राक्षबागा सुरू होतात. काही बागांचे घड कागदात गुंडाळलेले, काही ठिकाणी तोडणी चाललेली. शेतकऱ्याकडून थेट द्राक्षं मिळतात, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त; बेदाणे मात्र गावात दुकानातून घ्या, हाताला चिकट लागले तर घेऊ नका. आम्ही मंडळीच्या सणासाठी एक पेटी द्राक्षं घेतली. आप्पांनी स्वतः निवडली, एकेक घड उजेडात धरून. सांगलीत शिरताना भडंग घेतलं, ते गाडीतच संपलं.

कुपवाडला पोचायची वेळ जपून निवडा. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की मोटारसायकलींचा असा लोंढा येतो की गाडी जागच्या जागी उभी राहते. आम्ही नेमके त्यात सापडलो. आत्या गेटवर उभी होती. बारीक झाली होती. गळ्याशी ऑपरेशनच्या व्रणाचं टोक दिसत होतं आणि ते झाकायची तिनं काही तसदी घेतली नव्हती.

"किती वाळलास रे दादा," ती म्हणाली. हार्टचं ऑपरेशन तिचं झालेलं.

संध्याकाळी चहा घेताना तिनं मुद्द्याला हात घातला. "उद्या माझी साक्ष झाली की उपकाराची प्रार्थना तू करायची."

"न्हाई."

"का?"

"तुला ठाऊक हाय. मी चारचौघांत करत न्हाई."

"माझा जीव वाचला दादा. मी काय म्हणते, उद्या एक दिवस दार उघडं ठेव."

"लोकांनी बघावं म्हणून उभं राहून प्रार्थना करू नका, हे कुणी सांगितलंय?"

"आणि लोकांनी बघून पित्याचा महिमा करावा, हे कुणी सांगितलंय?"

एरवी हा वाद चहाबरोबर संपतो. त्या दिवशी आप्पा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत्या मला म्हणाली, "बरं, नको तर नको. न्हाई सांगत मी." मी ते आप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली.

रविवारची सकाळ. देऊळ छोटंसं, कौलारू, आत पंखे बंद कारण थंडी. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या बांधलेल्या. पुढे शाळूची कणसं, ओल्या हळदीची टोपली, भोपळे, वांगी, अंड्यांचे ट्रे, आमची द्राक्षं, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, ज्यांनी पहिल्या गीतात आमच्याइतकाच भाग घेतला. ओल्या हळदीचा वास सगळ्या देवळात भरला होता. आप्पा दारातून आत आले आणि क्षणभर थांबले. मग शेवटच्या बाकावर कडेला बसले. मी शेजारी.

आत्याची साक्ष लांबली. तिनं डॉक्टरांचं नाव घेतलं, भूल देणाऱ्याचं घेतलं, दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याचं घेतलं, अतिदक्षता विभागातल्या नर्सची कानउघाडणी कशी केली तेही सांगितलं. लोक हसत होते, काही डोळे पुसत होते. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असताना, ती म्हणाली, "माझा थोरला भाऊ आज आलाय. आता तो प्रार्थना करील."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

आप्पा उठले नाहीत. त्यांनी समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि खाली बघत होते. मला वाटलं, आता उठतील. आत्याही तशीच वाट बघत उभी होती. एक कोंबडी फडफडली. कुणीतरी खोकलं. शेवटी पाळकसाहेबांनी पुढे होऊन डोळे मिटले आणि स्वतः प्रार्थना केली. चांगली केली असणार. मी एकही शब्द ऐकला नाही.

लिलावात आत्यानं एक भोपळा घेतला, गरजेपेक्षा फारच मोठा. घरी जाताना मी भोपळा मांडीवर घेऊन मागे बसले होते, कारण तो ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि आप्पा गाडी चालवत होते. गाडी त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती.

जेवणं झाली. आत्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भोपळा चिरायला लागली. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"शब्द मोडलास एस्तेर."

"मोडला," ती म्हणाली. सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, मी पुढं उभी हाय, छाती फाडलेली, तर माझा भाऊ बसून राहणार न्हाई. चुकलं माझं. पण मला एकदा सांग दादा. शास्त्र नको सांगू. तुझं सांग."

आप्पा आत आले, माझ्या शेजारच्या पाटावर बसले आणि बोलायला लागले. फौजेतला रिपोर्ट द्यावा तसं, सरळ, कुठेही न थांबता.

आई आजारी होती तेव्हा उपचारासाठी ती आत्याकडे येऊन राहायची, हे मला माहीत होतं. मी तेव्हा पुण्यात होते, माझा मुलगा लहान होता. मला माहीत नव्हतं ते असं. त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला आईला शाल पांघरून याच देवळात आणलं होतं. पुढच्या बाकावर बसवलं होतं. आणि जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेले आप्पा त्या दिवशी उठून पुढे गेले आणि मोठ्यानं प्रार्थना केली.

"हिला बरं कर म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. मी म्हणालो, तू करणारच हाईस. पुढच्या सणाला ही इथं स्वतःच्या पायावर उभी राहून साक्ष देईल, हे मी सगळ्यांना सांगतो. देवाच्या वतीनं मीच सांगून टाकलं. लोक आमेन आमेन म्हणाले. ईस्टर यायच्या आत गेली ती. माणसं भेटायला यायची आणि माझ्याकडं बघायची न्हाईत. मला राग देवाचा न्हाई आला. लाज वाटली. त्याला ऑर्डर दिली मी. जवानाला द्यावी तशी. मी कोण? तवापासून ठरवलं, आता मागायचं न्हाई. देशील ते घेतो म्हणायचं."

मी आप्पांच्या हाताकडे बघत होते. मनात हिशेब लागत होता की आत्याकडे आम्ही इतक्या वेळा आलो, पण रविवार एकदाही गाठला नाही. शनिवारी दुपारी काही ना काही काम निघायचं आणि आम्ही परत फिरायचो.

आत्या रडत नव्हती. ती चकित होऊन भावाकडे बघत होती.

"दादा, तुला वैनीनं सांगितलंच न्हाई?"

"काय?"

"त्या दिवशी संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. होते तेवढे केस. मला म्हणाली, एस्तेर, लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी तांब्याभर पाणी मागितलं न्हाई. स्वतः उठून घ्यायचे. सुट्टीवर आले तरी कपडे स्वतः धुवायचे. मला कळायचंच न्हाई, ह्यांना माझी गरज हाय का न्हाई. आज त्यांनी सगळ्या लोकांसमोर मला मागून घेतलं गं. आज कळलं मला, मी त्यांना पाहिजे हाय."

आत्यानं भोपळ्याच्या बिया वाटीत काढल्या.

"बरी होईन का, हे तिनं विचारलंच न्हाई कधी," आत्या म्हणाली. "मी नर्स, तिला माहीत होतं की मला माहीत हाय. पण त्या दिवसानंतर ती वेगळी होती. हसायची. तुला वाटतंय तू तिला खोटी आशा लावलीस. तसं न्हाई दादा. तिला जे पाहिजे होतं ते तिला मिळालं होतं. मला वाटलं तुला ठाऊक असंल. नवराबायकोतली गोष्ट, मी कशाला काढू."

आप्पांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. माझ्याही डोळ्यांसमोर आईच होती, शाल पांघरून पुढच्या बाकावर बसलेली, आपलं नाव ऐकणारी.

मग ते उठले. बेसिनमध्ये तोंड धुतलं, आत्याच्या ओढणीलाच पुसलं आणि तिच्या खुर्चीसमोर उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"प्रभू," आप्पा म्हणाले. आवाज खरखरीत होता, जसा बरेच दिवस बंद असलेला नळ सुरू केल्यावर येतो. "माझ्या ह्या बहिणीला अजून राहू दे. मला ती पाहिजे. तू न्हाई म्हणालास तर मी ऐकीन, पण मागितलं न्हाई असं होऊ देणार न्हाई. तानाजीची पोरं लांब हायती, त्यांच्याकडं बघ. शीलाकडं बघ. मालतीला..." हे आईचं नाव. तिथे ते थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "मालतीला सांग. आमेन."

"आमेन," मी म्हटलं.

आत्या डोळे मिटूनच होती. "आणि माझं गुडघं?"

"एस्तेर!"

"दुखत्यात ते बी सांग की, आता सुरुवात केलीच हाईस तर."

आम्ही तिघंही हसायला लागलो, आणि हसता हसता परत रडलो. आत्यानं उरलेला भोपळा चिरला. रात्री त्याचे घारगे झाले, गूळ आणि वेलदोडा घालून, आणि ते सकाळी थंडही तितकेच चांगले लागतात हे प्रवासाला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सोमवारी परतीला आम्ही सरळ आष्टा, पेठ नाका करत महामार्ग धरला. लवकर निघालात तर कऱ्हाडला गर्दी लागत नाही. वाटेत आप्पांनी दावीदकाकांना फोन केला. "तुझा परुशी बोलतोय," म्हणाले. काकांना काहीच कळलं नाही. आप्पांनी सांगितलंही नाही, नुसते हसत राहिले आणि घेवडा कुठून आणला ते विचारून घेतलं.

घरी आल्यावर मी बरेच दिवस विचार करत होते, की त्या दोन वचनांचं मग काय झालं. मोठ्यानं मागणारी विधवा आणि मान खाली घालणारा जकातदार, यांचा मेळ बसला का? मला सांगता येणार नाही. दावीदकाकांना जिथे धाडस झालं नाही तिथे मी कोण. मला एवढंच दिसलं की माझे वडील अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात पसरून उभे होते आणि त्यात मला कुठे अहंकार दिसला नाही. आईला तिच्या हयातीत जे ऐकायला मिळालं ते मला आता, इतक्या वर्षांनी कळलं, याचेही उपकार मानावेत तेवढे थोडे. या सहलीत मी किती किलोमीटर गाडी चालवली ते विसरले आहे. आत्याचं स्वयंपाकघर विसरणार नाही.

आणि एक बदल झालाय. गेल्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जायच्या गडबडीत होते, डबा भरत होते. आप्पा खोलीत जाता जाता ओट्यापाशी थांबले. थोडे अवघडल्यासारखे दिसत होते, पाहुण्यांच्या घरात काही मागावं तसे.

"आज तुझ्यासाठी काय मागू?" त्यांनी विचारलं.

माझ्या वडिलांनी मला आजवर काही विचारलं असेल तर गाडीचं सर्व्हिसिंग कधी आहे, हे. मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. मग सुचलं. ते मी त्यांना सांगितलं. इथे लिहीत नाही.

आप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"एवढंच?" ते म्हणाले.